बसऱ्याची देवी

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

मेलबर्नच्या युद्धस्मारकाचे फोटो मिळाले. २५ एप्रिलच्या पहाटेच्या अंधारात, त्या थंडीत एवढी माणसं चिडीचूप उभी! आपल्याकडे त्या वेळेला एवढी गर्दी काकड आरतीलाच होते, आणि ती काही गप्प नसते.

तू विचारलंस, १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला हे ऑस्ट्रेलियाचे लोक हरलेच ना, मग हरलेल्या लढाईचा एवढा अभिमान कसा? अगं, ‘विश्वास पानिपतात गेला’ असं आपण अजून म्हणतोच की. त्यात ऑस्ट्रेलिया १९०१ साली एक झालेला, म्हणजे चौदा वर्षांचा देश. आठ हजारांवर पोरं तिथे गेली, तेव्हा ‘आपली’ म्हणावी अशी पहिली गोष्ट त्यांना मिळाली. पुढच्याच २५ एप्रिलला, १९१६ साली, त्यांनी पहिला अँझॅक दिवस, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या त्या फौजेचा स्मृतिदिन, पाळला.

त्याच दिवशी इंग्रजांच्या फौजेतले आपले मराठे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात उपाशी बसले होते. पुण्याची सहावी डिव्हिजन होती ती. घोडे कापून खायची वेळ आली तरी कित्येक हिंदी शिपायांनी बरेच दिवस ते मांस तोंडी लावलं नाही. चार दिवसांनी, २९ एप्रिलला शरणागती झाली. वेढा १४७ दिवस चालला होता. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली, त्यांत तुझ्या पणजोबांचे थोरले भाऊ गणपतराव. बसरा हे तिकडचं बंदर; घरात एवढंच म्हणत, ‘बसऱ्याला गेले ते गेले.’

देवघरातली ती काळपट चकती आठवते? लहानपणी तू तिला बसऱ्याची देवी म्हणायचीस. लढाईत मेलेल्याच्या घरी सरकार पाठवायचं ती. तळहाताएवढी, ब्राँझची, वर हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि जवळ सिंह. आहे ती ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटन देशालाच दिलेलं बाईचं रूप. पण त्रिशूळ आणि सिंह दिसल्यावर आपल्या घरात तिला दुसरं कोण समजणार? माझ्या लग्नानंतर आजेसासूबाईंनी सांगितलं, की गणपतरावांची बायको रोज सकाळी चकती पुढ्यात घेऊन बसायची. विधवा म्हणून स्वतः हळदकुंकू लावायची नाही, धाकट्या जावेकडून लावून घ्यायची. सणावाराला चिंचेने घासायची. वर नाव आहे हे तिला कोणी सांगितलंच नाही, सांगितलं असतं तरी इंग्रजी वाचणार कोण? चकतीच्या कडेने लिहिलंय, हा स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मेला. कोणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते विचारू नकोस.

तिथेच घोडं अडलं, असं मला वाटतं. साहेबाच्या लढाईत गेलेला माणूस स्वतंत्र देशाने कुठे बसवायचा? दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात पंचवीस हजारांवर नावं आहेत, सगळी १९४७ नंतरची. इंडिया गेटवर ‘मेसोपोटेमिया’ कोरलंय, पण नावं आहेत ती वायव्य सरहद्दीवर पडलेल्यांची. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अंमलदारांची नावं होती, साध्या शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. आपल्या चावडीच्या भिंतीवरची संगमरवरी पाटीही तशीच, किती गेले आणि किती परतले नाहीत एवढंच. अशा बिननावाच्या नोंदींबद्दल राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगाने २०२१ साली माफी मागितली. जावेकडून कुंकू लावून घेणारीला जाऊनही तोवर जमाना झाला होता.

तू ज्या गाढववाल्या सिम्पसनच्या पुतळ्यापाशी उभी आहेस ना, जखमींना गाढवावरून नेणारा तो ऑस्ट्रेलियन फौजेतला शिपाई, तो गॅलिपोलीत जेवायला-राहायला खेचरांवरून तोफा नेणाऱ्या हिंदी तोफखान्यात असायचा. तुझ्या तिथल्या मैत्रिणींना विचार, त्यांना शाळेत हे सांगितलंय का. टोमणा म्हणून नको विचारूस हं, सहज विचार.

काल चकतीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून पाहिली. नावाची पहिली चार अक्षरं उमटली, पुढची इतक्या वर्षांच्या चिंचेने गुळगुळीत झालीत. कागद सोबत पाठवते आहे. तुझे बाबा म्हणतात, आता घासणं बंद, फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावू. मला अजून ठरवता आलेलं नाही. आज सकाळी हळदकुंकू लावलं.

तुझी,
आई