केशरी रताळ्याला अंगणवाडीच्या परसात जागा द्या

महोदय,

आषाढीच्या आदल्या दिवशी नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, रताळी घ्यायला गेले, तर ८० रुपये किलो, आणि निवडूही देईनात. बारशीला त्याच बाईकडे गेले, तेव्हा अर्धी टोपली तशीच पडून होती. "३० ला घ्या मावशी, आता कोण विचारतंय यांना!" म्हणाली. वर्षातले चार-पाच उपवास सोडले तर आपण रताळ्याकडे ढुंकून बघत नाही. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मी २८ वर्षे अंगणवाडी सेविका होते. त्यामुळे ती पडून राहिलेली टोपली बघून मला राहवले नाही.

नोकरीच्या सुरुवातीची एक मुलगी अजून डोळ्यांपुढून जात नाही. चार वर्षांची होती. दिवसा अंगणभर हुंदडायची आणि दिवेलागणीला आईचा पदर सोडायची नाही. आई म्हणायची, लाडावलीय. एकदा संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि तिच्यापुढे खाऊची ताटली धरली. तिने हात पुढे केला तो ताटलीच्या वीतभर बाजूला, आणि तिथेच चाचपत राहिली. रातांधळेपणा होता. आरोग्य केंद्रात अ जीवनसत्त्वाचे डोस मिळाले आणि पोर पुन्हा संध्याकाळची बाहेर खेळू लागली.

हा डोस मुलांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी देतात. तो चुकवू नयेच. पण दोन डोसांच्या मधल्या दिवसांत ताटात काय असते? नागलीची भाकरी, भात, उडदाची आमटी. पालेभाजी मुले थुंकून टाकतात. उकडलेले रताळे मात्र हातातून सुटत नाही, हे मी रोज पाहिले आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बाजारात बहुतेक वेळा मिळते ते वरून लाल आणि आतून पांढरे रताळे. पोट भरायला, कोठा साफ राहायला ते उत्तम, पण त्यातून अ जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. त्यासाठी गर गाजरासारखा केशरी हवा. त्या रंगातच बीटा कॅरोटीन असते आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेच्या 'भू सोना' या केशरी वाणात १०० ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते. आफ्रिकेत मुलांसाठी केशरी रताळे घरोघर पोचवणाऱ्या मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी. बीटा कॅरोटीन अंगी लागायला सोबत थोडे तूप-तेल लागते. आपल्या आज्या तुपात जिरे-मिरची तडतडवून, दाण्याचे कूट घालून कीस करायच्या, ते किती योग्य होते!

आमच्या ह्यांना मधुमेह आहे, म्हणून तेही सांगते. भाजलेल्यापेक्षा उकडलेले बरे, कारण भाजताना पिठाची साखर जास्त होते. आणि ते भात-पोळीच्या बदल्यात खायचे, वर नाही. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे.

आता लागवडीचे. तीन वर्षांपूर्वी एका कृषी प्रदर्शनातून मी दोन केशरी रताळी आणली, ओल्या वाळूत पुरली, कोंब वाढवून वेल केले. आज मखमलाबादच्या घरामागे त्यांचे चार वाफे आहेत. बी लागत नाही. वेलाच्या शेंड्याकडचा वीतभर, तीन-चार डोळ्यांचा तुकडा घ्यायचा आणि दोन डोळे मातीत जातील असा वरंब्यावर लावायचा. पेठ-सुरगाण्याच्या पावसात वरंबा हवाच, नाहीतर कंद सडतो. शेणखत बेताने घालावे. मी पहिल्या वर्षी हौसेने भरपूर घातले, तर पानेच पाने आली आणि खाली बोटाएवढ्या मुळ्या. महिन्याने मातीची भर द्यायची. माती भेगाळली की सोंड्या भुंगा कंदापर्यंत उतरतो, आणि त्याने पोखरलेले रताळे इतके कडू होते की शिजवूनही खाता येत नाही. ते गुरांनाही घालू नये. वेल अधूनमधून उचलून ठेवावा, म्हणजे जागोजाग मुळे धरत नाही.

काढणीची खूण मला एका शेतकरी बाईने शिकवली. एक कंद कापून ठेवायचा. कापलेल्या जागेवरचा चीक पांढराच सुकला तर रताळे तयार, हिरवट-काळा पडला तर अजून थांबायचे. आत्ता लावलेला वेल कार्तिकात निघतो. तोवर कोवळ्या पाल्याची भाजी होते. काढलेली रताळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत, थंडीने बिघडतात.

पोषण अभियानात अंगणवाड्यांना परसबाग करायला सांगतात. बिया येतात, मेथी-पालक लावतात आणि उन्हाळ्यात सगळे वाळून जाते. दर सप्टेंबरात पोषण महिन्याची पोस्टर लागतात, त्यावर गाजर-पपई असते, रताळे क्वचित. माझी जिल्हा परिषदेला आणि कृषी विज्ञान केंद्राला कळकळीची विनंती आहे की केशरी रताळ्याच्या वेलांची एक रोपवाटिका करावी आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीतल्या प्रत्येक अंगणवाडीला वेल द्यावेत. मुलांचे खाणे होईल, आणि एका वाफ्यातून पाड्यावरच्या घरोघरी वेल जातील. कंद लावणे-उकडणे तिथल्या बायकांना कुणी शिकवायला नको.

तोवर माझ्याकडचे वेल आहेतच. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. ज्या सेविकेला हवेत तिने ओले गोणपाट घेऊन यावे. त्यात गुंडाळलेले वेल दोन दिवस सहज टिकतात.

— एक निवृत्त अंगणवाडी सेविका, मखमलाबाद, नाशिक