शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत सोबत हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दर ऑक्टोबर महिन्यात आपल्या दैनिकात स्तनाच्या कर्करोगाविषयी लेख आणि तपासणी शिबिरांच्या बातम्या येतात. मी त्या आवर्जून वाचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या 'ग्लोबोकॅन' या आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि आपल्याकडे तो बहुधा उशिराच कळतो. त्यामुळे गाठ दुखत नसली तरी ती ताबडतोब दाखवा, हे कितीही वेळा सांगितले तरी थोडेच आहे. परंतु गाठ दाखवली, अहवाल आला, स्तन काढला, टाके निघाले आणि बाई घरी परतली, त्यानंतरच्या महिन्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. त्या महिन्यांत मला सावरले ते माझ्यासारखीच शस्त्रक्रिया झालेल्या बायांनी. मला ही सोबत योगायोगाने मिळाली. खानदेशातल्या प्रत्येक बाईला ती रुग्णालयातच, ठरवून मिळावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे उपचार मुंबईला झाले. जळगाव ते मुंबई हे अंतर रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे आणि किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस रोज घ्यावे लागतात, म्हणून आपल्याकडच्या बायांना तिथे आठवडेच्या आठवडे राहावे लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चोपडा, शिरपूर, शहादा अशा ठिकाणांहून आलेल्या बायांशी माझी गाठ पडली. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाड्याची पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के मिळते आणि त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, ही माहिती मला तिथल्याच एका ताईंनी दिली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे गावाहूनच बरोबर आणावीत, हेही त्यांनीच सांगितले. ज्या घरात उपचारासाठी आधीच शेत गहाण पडले आहे, त्या घरात अशी माहिती औषधाइतकीच मोलाची असते.

शस्त्रक्रियेनंतर जखमेत साचणारा द्रव बाहेर यावा म्हणून काखेजवळून नळी सोडलेली असते आणि तिच्या टोकाला एक डबी असते. ती रोज रिकामी करून किती मिलिलिटर द्रव आला ते लिहून ठेवायचे, चोवीस तासांतले प्रमाण साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आले की डॉक्टर नळी काढतात, हे परिचारिकेने समजावले होते. पण नळी असताना लुगडे कसे नेसावे, डबी कुठे अडकवावी, रात्री कुशीवर कसे वळावे, हे शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी शिकवले. परकराच्या नाडीला लहान कापडी पिशवी बांधून तीत डबी ठेवायची आणि वरून पदर घ्यायचा. पोलके पुढून बटणांचे आणि एक माप मोठे शिवायचे, म्हणजे हात वर न उचलता अंगात घालता येते. या गोष्टी लहान वाटतील, परंतु घरात सासरे, दीर आणि भेटीला येणारी माणसे यांच्यासमोर वावरणाऱ्या बाईची लाज आणि तिचा धीर याच गोष्टींवर टिकून असतो.

काखेतल्या गाठी (लसिका ग्रंथी) काढल्यावर हात वर जात नाही आणि दंडाची आतली बाजू बधिर होते. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी हळूहळू वर चढत जायचे, जिथवर हात पोहोचला तिथे खडूने खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वर जायचा प्रयत्न करायचा, हा व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवला. तो नेमाने करून घेतला तो मात्र मावशींनी. मुंबईत त्या समोर उभ्या राहत आणि गावी परतल्यावर फोन करून विचारत, "हात वर कर वं माय, नही ते आखडी जाई." काही आठवड्यांनी माझ्या काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखा एक पट्टा दिसू लागला. आजार हातात उतरला, या भीतीने मला दोन घास जाईनात. आमच्यातल्या एकीला तसेच होऊन गेले होते. तिने आपला हात उघडून दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी मला तपासणीला पाठवले. काखेतल्या शस्त्रक्रियेनंतर असे अनेकींना होते, व्यायामाने ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुटते, असे डॉक्टरांनी सांगितले आणि झालेही तसेच. डॉक्टरांची भेट मिळेपर्यंतची ती रात्र त्या बाईच्या शब्दावर निघाली.

शेतावर जाणाऱ्या बायांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्या हाताला जखम होऊ देऊ नका, भाजू देऊ नका, एकदम जड ओझे उचलू नका, हे डॉक्टर सांगतात ते योग्यच आहे, कारण गाठी काढलेल्या हाताला सूज येण्याचा धोका असतो आणि ही सूज काही महिन्यांनी, कधी तर काही वर्षांनीही येऊ शकते. पण ज्या बाईचे घर कापूस वेचणीच्या मजुरीवर चालते, तिने हे पाळायचे कसे? पिकलेल्या बोंडाची टोके बोटे ओरबाडल्यावाचून राहत नाहीत. आमच्यातल्या ज्या दोघी-तिघी पुन्हा शेतात जाऊ लागल्या, त्यांनी आपला मार्ग शोधला. आपल्याकडे बाया लुगड्यावर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतातच, त्याच्या जोडीला त्यांनी हातमोजे घेतले, ओटी भरून जड व्हायच्या आधीच रिकामी करायची सवय लावली आणि ओरखडा उठला की तो लगेच साबणाने धुऊन औषध लावण्याचा नियम केला. हात लाल, गरम झाला किंवा बांगडी अचानक घट्ट वाटू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, हे त्या प्रत्येक नव्या बाईला बजावून सांगतात. एका घरी तर सवाष्णीने एका हातातल्या बांगड्या काढल्या म्हणून सासूबाईंनी बोलणे टाकले होते. आमच्यातल्या, सासूबाईंच्याच वयाच्या एका आजी त्यांच्याकडे जाऊन बसल्या, आपला मोकळा हात त्यांना दाखवला आणि कारण सांगितले, तेव्हा ते घर निवळले. हे काम सुनेच्या हातून झाले नसते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेही झाले नसते.

गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्यातल्या एका ताईंनी पुन्हा खापरावरचे मांडे केले. मांडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवावा लागतो, त्यात खांदा आणि मनगट दोन्ही मोकळे लागतात, हे खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. त्यांनी आम्हा सगळ्यांना फोन करून ही बातमी दिली. हात किती अंशांत वर जातो हे तपासणीच्या कागदावर लिहिलेले होतेच, पण आमच्यासाठी बरे होण्याचे माप ते मांडे ठरले.

आता ज्याविषयी घरात बोलता येत नाही त्याविषयी. पट्टी निघाल्यावर स्वतःच्या छातीकडे पाहणे, नवऱ्यासमोर कपडे बदलणे, पुन्हा जवळ येणे, एका बाजूचे वजन गेल्यामुळे मान आणि पाठ धरणे, तळपत्या मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांवर असताना, टॅमॉक्सिफेन या संप्रेरकांना रोखणाऱ्या औषधाच्या गोळ्यांनी अंगातून उठणाऱ्या वाफा सोसणे, ही दुःखे बाई आईलाही सांगत नाही. ज्यांनी ती भोगली त्यांच्यात बसली की ती बोलते. जखम पुरती भरेपर्यंत पोलक्याच्या आत खिसा शिवून त्यात नुसत्या मऊ कापसाची घडी ठेवावी आणि वजनाचे कृत्रिम स्तन नंतर डॉक्टरांच्या परवानगीने वापरावे, हे मला अशाच बोलण्यातून कळले. काही बायांनी तर मुलींची लग्ने मोडतील या भयाने आजार भावकीपासून लपवला होता. हा आजार स्पर्शाने होत नाही, देवाच्या कोपाने होत नाही, चाकू लावल्याने पसरत नाही आणि शंभरांतल्या साधारण पाच ते दहा जणींतच तो आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होतो. ही वाक्ये भित्तीपत्रकांवर असतातच. ती उपचार पुरे करून समोर बसलेल्या बाईच्या तोंडून ऐकली की मनात उतरतात.

या सोबतीला मर्यादा आहेत आणि त्या स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजते. प्रत्येकीचा कर्करोग निराळा असतो. एकीला किमोथेरपी लागते, दुसरीचे संप्रेरकांना रोखणाऱ्या गोळ्यांवर भागते, तिसरीला आणखी वेगळे इंजेक्शन घ्यावे लागते. "तुला चारच किमो, मग मला आठ का?" अशी तुलना सुरू झाली की धास्ती वाढते. कोणी एखादी झाडपाल्याचे औषध सुचवते आणि किमो मध्येच सुटते, हे तर फार घातक आहे. म्हणून अशी सोबत करणाऱ्या बायांना आधी थोडे शिक्षण द्यायला हवे: औषधाविषयी सल्ला द्यायचा नाही, एकीची गोष्ट दुसरीला सांगायची नाही आणि शंका आली की डॉक्टरांकडे पाठवायचे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मानसिक आधाराच्या गटांमध्ये बसलेल्या, आजार पसरलेल्या स्त्रिया अधिक काळ जगल्या, असे डेव्हिड स्पीगेल यांच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसले होते आणि त्यामुळे मोठी आशा निर्माण झाली. पुढे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पामेला गुडविन यांच्या कॅनडातील मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मात्र मनाची तगमग आणि दुखण्याची जाणीव कमी झाली, विशेषतः ज्या आधीपासून फार खचलेल्या होत्या त्यांची. ते गट प्रशिक्षित तज्ज्ञ चालवत असत, आमच्यासारखे आपसांत जमलेले नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे. तेव्हा मैत्रिणींच्या सोबतीने कर्करोग बरा होतो, असे कोणी म्हणू नये. आमच्यातल्या एकीचा आजार हाडांत परतला. तिचे शरीर आता उपचारांना फारशी साथ देत नाही. तिच्याकडे आम्ही पाळीपाळीने जातो, तिचे केस विंचरतो, तिच्या मुलीच्या अभ्यासाचे विचारतो आणि तिला "धीर धर" म्हणत नाही, कारण धीर तिच्याजवळ आमच्यापेक्षा जास्त आहे. ही सोबत बऱ्या होणाऱ्यांपुरती ठेवली तर ती अर्धीच राहील, असे माझे ठाम मत आहे.

ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या टेरीज लासर यांनी १९५२ मध्ये स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात जाऊन नव्याने स्तन काढलेल्या स्त्रियांना भेटण्यास सुरुवात केली आणि त्यातून पुढे अनेक देशांत पसरलेली चळवळ उभी राहिली. आपल्याकडे मोठ्या शहरांत अशा भेटी होतात. तालुक्याच्या गावातल्या बाईपर्यंत त्या पोहोचत नाहीत.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडण्याचे जाहीर केले आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे अशा केंद्रांची आखणी होईल तेव्हा खाटा आणि औषधांबरोबर एक बंद दार असलेली खोली आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस उपचार पूर्ण केलेल्या बायांसाठी राखावा. त्या दिवशी फिजिओथेरपिस्ट हजर असावी, येणाऱ्या बायांना एसटीचे भाडे मिळावे आणि शस्त्रक्रिया झालेल्या बाईचे नाव, तिची संमती घेऊनच, गावच्या आशाताईंकडे कळवले जावे, म्हणजे जी येऊ शकत नाही तिच्या दारी कोणीतरी जाईल. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या भगिनींसाठी त्यांची बोली जाणणारी बाई असणे तर अत्यंत आवश्यक आहे. यांपैकी खोली आणि दिवस यांना जवळजवळ खर्च नाही, त्यामुळे आज शस्त्रक्रिया करणाऱ्या खासगी रुग्णालयांनाही ते सहज करता येईल. घरच्या मंडळींनीही बाईला अशा ठिकाणी जाऊ द्यावे, "तिकडे जाऊन आजारच आठवतो" म्हणून अडवू नये.

आमच्यातल्या बऱ्याच जणी यासाठी यायला तयार आहेत. कोणत्याही रुग्णालयाने बोलावल्यास आम्ही आपल्या दैनिकामार्फत संपर्क साधू. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र काही जणींना दुपारनंतरची वेळ द्यावी लागेल, एवढे आधीच कळवून ठेवते.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)