बाळ झालं तरी सरकारी हिशोब तोच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हडपसरला माझं फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे, रेशन, उत्पन्नाचा दाखला, निराधारचे अर्ज असलं सगळं. दिव्यांग बायका बाळंतपणानंतर येतात तेव्हा हमखास विचारतात की ताई, आता बाळ झालं तर माझा पगार बंद होणार का? पगार म्हणजे राज्य सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा मिळणारे पैसे. कुणीतरी शेजारणीने घाबरवून ठेवलेलं असतं, मग काहीजणी बाळाचं नाव रेशन कार्डात टाकायलाच कचरतात. तर आधी हे सांगते की असा काहीही नियम नाही. मूल झालं म्हणून कुणाचं अनुदान बंद होत नाही. उलट प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी ५ किलो धान्य आहे, म्हणजे बाळाचं नाव चढल्यावर वाढतंच (अंत्योदयला मात्र घरटी ३५ किलो, तिथे एक माणूस काय नि सहा काय).

पण नियम नाही म्हणून पैसे चालू राहतात असंही नाही ना. या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे. महिन्याचे झाले चार हजार एकशे काहीतरी. पुण्यात एवढ्यात खोलीचं भाडंपण निघत नाही हो. आणि ही मर्यादा घरात दोघं असोत की बाळ धरून चौघं, तेवढीच राहते. आता बाळ झालं की नवरा काय करणार, ओव्हरटाइम करणार, रात्रीची ड्युटी धरणार, आणि पगार बँकेत जमा होत असेल तर ते दिसणार, की झालं, उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा वाढला आणि बायकोचे महिन्याचे २५०० गेले. म्हणजे बाळामुळे नाही, बाळासाठी जास्त राबल्यामुळे गेले! दाखल्यावर आकडा कमी दाखवणारे कसा दाखवतात ते सगळ्यांना माहीत आहे, मर्यादाच अशी ठेवलीये की खरं बोलणारा बाहेर पडतो.

मध्यंतरी एकजण आली होती, लहानपणीच्या पोलिओमुळे दोन्ही कुबड्या, आणि बाळ ओढणीने पोटाशी बांधलेलं. मशीनवर अंगठा लावायचा तर एक हात मोकळा हवा, कुबडी ठेवायला जागा नाही, मी ती धरली तर बाळाने मशीनची वायर मुठीत पकडली, सोडेचना. अंगठा काही उमटत नव्हता, कुबडीची मूठ धरून धरून रेषा पार घासून गेलेल्या. तिचं अनुदान असंच बंद झालेलं, नवऱ्याने दुसरी नोकरी धरली म्हणून. मला म्हणाली, मी कुबड्या टाकून चालायला लागले का आता?

याला उत्तर काय द्यायचं मला खरंच कळलं नाही.

आता गंमत बघा. लाडकी बहीणला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि दिव्यांग बाईला ५० हजार, राज्य एकच. बरं, इथून बाहेर पडलेली तिकडे जाईल म्हणावं तर तिथल्या नवीन अर्जांची मुदत ऑक्टोबर २०२४ मधेच संपली. निराधार योजनेत दिव्यांगांचे १५०० चे २५०० झाले ऑक्टोबर २०२५ पासून, चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०२३ च्या आधी याच योजनेत विधवा बाईला एक मूल असेल तर ११०० आणि दोन असतील तर १२०० मिळायचे, बाकीच्यांना १०००. शंभर रुपयेच, पण मुलाचा खर्च असतो एवढं तरी धरलं होतं. नंतर सरसकट १५०० केले आणि तेही गेलं.

केंद्र सरकारच्या नोकरीतल्या दिव्यांग आईला बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत वेगळा भत्ता मिळतो, २०१७ पासून महिना ३००० होता, २०२४ पासून ३७५०. म्हणजे अशा आईला बाळ सांभाळायला जास्त खर्च येतो हे सरकारला पटलेलं आहे, फक्त ज्या बाईला नोकरीच नाही तिच्या बाबतीत पटलेलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम २४ वाचा, त्यात दिव्यांग स्त्रियांना उपजीविकेसाठी आणि मुलांच्या संगोपनासाठी मदत असं चक्क लिहिलंय. आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय कुठे आहे, तर इथेच पुण्यात, चर्च रोडला, लांब मुंबईला जायला नको.

माझं म्हणणं एवढंच की बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत तरी उत्पन्न वाढलं म्हणून दिव्यांग आईचं अनुदान थांबवू नका, आणि मर्यादा घरातल्या माणसांवर ठरवा. वरचा भत्ता वगैरे नंतर बघू.

आणि ज्यांच्या घरात अशी कुणी गरोदर असेल त्यांनी अंगणवाडीताई किंवा आशाताईला गाठून केंद्राच्या मातृवंदना योजनेत नाव घाला. पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५००० मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६०००. ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचा दिव्यांग दाखला असेल तर पात्रतेला तोच पुरतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पहिला हप्ता गरोदरपणातच आहे त्यामुळे नोंदणी आणि तपासणी लवकर करा, दुसरा बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर. लसीचं कार्ड जपून ठेवा, आमच्याकडे निम्म्या बायका तेच हरवून येतात.

आपली,
एक वाचक, हडपसर, पुणे