मायकल सॅमची नोंद एका ओळीत संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत समलिंगी खेळाडूंवर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला पानभर जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. मात्र त्यात मायकल सॅमच्या वाट्याला एकच ओळ आली. एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने निवडलेला तो पहिला जाहीर समलिंगी खेळाडू, पण तिथे तो टिकला नाही, एवढंच. ओळीत चूक काही नाही. तरीही ती मनाला लागली. मी बरीच वर्षं सेंट लुईसमध्ये राहते. सॅम ज्या मिसूरी विद्यापीठाकडून खेळला ते इथून दोन तासांवर, कोलंबियात आहे. त्याचा विषय निघाला की इथेही लोक असंच हळहळतात आणि पुढच्या गप्पांकडे वळतात. हळहळ नको, त्याच्या खेळाची कदर हवी, म्हणून हे पत्र.

कॉलेज फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येतात. इथला मामला वेगळा आहे. मिसूरीचा घरचा सामना असला की शनिवारी फरो फील्ड या विद्यापीठाच्या मैदानावर साठ हजारांच्या आसपास माणसं जमतात. आणि मिसूरी ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटात, खेळतं ती देशातली सर्वांत कडवी मानली जाते. २०१२ मध्ये या संघाने सात सामने गमावले होते. २०१३ मध्ये याच संघाने बारा जिंकले आणि फक्त दोन हरले. त्या वर्षी बचावफळीच्या टोकाला ५२ नंबरची जर्सी घालून सॅम उभा असायचा. प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकने, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूने, चेंडू फेकायच्या आत त्याला गाठून आडवं करायचं, हे त्याचं काम. त्याला सॅक म्हणतात. सॅमने त्या हंगामात साडेअकरा सॅक केले (दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा). आर्कान्सास स्टेट, व्हँडरबिल्ट आणि फ्लोरिडा या तीन विद्यापीठांविरुद्ध तर प्रत्येकी तीन. कॉन्फरन्समधला सर्वोत्तम बचावपटू हा किताब त्याला अलाबामाच्या सी. जे. मोझलीबरोबर विभागून मिळाला आणि ऑल-अमेरिकन संघात, म्हणजे देशभरातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत, त्याची निवड एकमताने झाली.

कॉटन बाउल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याचा शेवट तर मी कधी विसरणार नाही. ३ जानेवारी २०१४, समोर ओक्लाहोमा स्टेट, मिसूरी ३४–३१ असं जेमतेम पुढे, घड्याळात मिनिटभर उरलेलं आणि चेंडू त्यांच्याकडे. सॅम बाहेरच्या बाजूने वळसा घालून आला आणि त्याने क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू उडवला. सहकारी शेन रे याने तो उचलला आणि ७३ यार्ड धावत टचडाउन केलं. ४१–३१. कॉलेजच्या मैदानावरचा सॅमचा हा शेवटचा सामना.

हा सगळा हंगाम तो खेळला तेव्हा तो समलिंगी आहे हे त्याच्या संघाला ठाऊक होतं. प्रशिक्षक गॅरी पिंकेल यांची एक पद्धत होती. हंगामाआधी खेळाडूंनी एकत्र बसून इतरांना माहीत नसलेलं असं स्वतःविषयी काहीतरी सांगायचं. ऑगस्ट २०१३ मध्ये अशाच एका बैठकीत सॅमने सांगून टाकलं. वीस-बावीस वर्षांची शंभरेक पोरं, प्रत्येकाच्या हातात फोन, दर आठवड्याला दारात पत्रकार. तरी फेब्रुवारीपर्यंत ही गोष्ट वर्तमानपत्रात आली नाही. कुणी सक्ती केली नव्हती. ज्याची गोष्ट त्यानेच सांगावी, इतकं शहाणपण त्या पोरांकडे होतं. समलिंगी खेळाडू असला की ड्रेसिंग रूम बिघडते असं म्हणणाऱ्यांना मी हा हंगाम दाखवते. बारा विजय!

मग ९ फेब्रुवारी २०१४ रोजी त्याने न्यूयॉर्क टाइम्स आणि ईएसपीएन या क्रीडावाहिनीला मुलाखती देऊन जगाला सांगितलं. ही तारीख महत्त्वाची आहे. ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांकडून होणारी निवड, मे महिन्यात व्हायची होती. नोकरीच्या मुलाखतीआधीच त्याने हे सांगितलं. त्या काळी समलिंगी म्हणून कुणाला कामावरून काढलं तर दाद मागायला मिसूरी राज्याचा कायदा नव्हता. आपल्याकडे तर जेमतेम दोन महिने आधी, डिसेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा कायम केलं होतं. टेक्सासमधल्या हिचकॉक नावाच्या लहानशा गावात, आठ भावंडांत सातवा म्हणून वाढलेला हा कृष्णवर्णीय मुलगा. त्याची तीन भावंडं गेलेली, दोन भाऊ तुरुंगात. घरातून विद्यापीठात पोहोचलेला तो पहिलाच. हातातोंडाशी आलेला घास जाऊ शकतो हे त्याला कळत नसेल, असं मला वाटत नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याच्याविरुद्ध घोषणा द्यायला कॅन्ससमधल्या वेस्टबोरो या कट्टर समलिंगीविरोधी चर्चची माणसं कोलंबियात आली. त्या थंडीत शेकडो विद्यार्थी रस्त्याच्या कडेला हातात हात घालून भिंतीसारखे उभे राहिले. त्याच दिवशी बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात कॉटन बाउलचा चषक आणला गेला आणि सॅम संघाबरोबर आला तेव्हा अख्खं प्रेक्षागृह उठून उभं राहिलं. आमच्या मिसूरीची ही बाजू बाहेर फारशी सांगितली जात नाही.

ड्राफ्टमध्ये काय झालं? ज्याच्याबरोबर किताब विभागून मिळाला तो मोझली पहिल्या फेरीत १७ वा निवडला गेला. सॅमचं नाव सातव्या फेरीत आलं, २५६ मध्ये २४९ वं. निवडचाचण्यांत तो धावायला संथ ठरला होता आणि टोकाच्या बचावपटूला लागते तेवढी त्याची अंगकाठी नव्हती, हे मला मान्य आहे. पण त्याच्या घोषणेनंतर लगेच काही संघांचे अधिकारी आपलं नाव न सांगता पत्रकारांपाशी बोलले, की आता याची निवड खाली घसरणार. तेव्हा सगळा दोष स्टॉपवॉचवर टाकता येणार नाही.

त्याला तेव्हाच्या आमच्याच एनएफएल संघाने, सेंट लुईस रॅम्सने घेतलं. फोन आला तेव्हा तो रडला आणि शेजारी उभ्या असलेल्या जोडीदाराचं त्याने चुंबन घेतलं. दर ड्राफ्टला खेळाडू मैत्रिणीचं घेतात आणि कॅमेरे ते कौतुकाने दाखवतात. या वेळी मात्र देशभर गदारोळ झाला. मायामीच्या एका खेळाडूने ट्विटरवर नापसंती दाखवली तेव्हा त्याच्या क्लबने त्याला दंड केला, हेही नोंदवायला हवं. सराव सामन्यांत सॅमने तीन सॅक केले. त्याच दिवसांत ईएसपीएनवर, तो सहकाऱ्यांबरोबर अंघोळीला कधी जातो, यावर बातमी झाली. त्याबद्दल वाहिनीला पुढे माफी मागावी लागली. ३० ऑगस्टला रॅम्सने त्याला वगळलं. मग काही आठवडे डॅलस काउबॉइज या दुसऱ्या एनएफएल संघाच्या सराव पथकात, २०१५ मध्ये कॅनडात माँट्रियलकडून एक सामना, आणि मानसिक स्वास्थ्याचं कारण देऊन तो थांबला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

आता मला खरं खटकतं ते सांगते. २०२१ च्या जूनमध्ये रेडर्स या एनएफएल संघाच्या कार्ल नॅसिबने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. लीगने स्वागत केलं, जर्सीची विक्री वाढली, त्याने तरुणांच्या आत्महत्या रोखणाऱ्या ट्रेव्हर प्रोजेक्टला एक लाख डॉलर दिले. नॅसिबचं धैर्य मी तसूभरही कमी लेखत नाही. पण त्याच्या हाती करार होता आणि पाठीशी पाच हंगाम होते. सॅमने सांगितलं तेव्हा त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. तरी 'एनएफएलमधला पहिला' हा मान नॅसिबकडे गेला, कारण सॅम अधिकृत हंगामातला एकही सामना खेळला नाही. तो का खेळला नाही, हे मात्र कुणी त्या ओळीत लिहीत नाही. दारं ज्याने ठोठावली तो बाहेरच राहिला आणि नोंद आत पोहोचलेल्याच्या नावे झाली.

कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बाबतीत हे नवं नाही. जॉर्जिया टेकचा रॉय सिमन्स न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळला, वॉशिंग्टनकडून सुपर बाउल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, खेळला. निवृत्तीनंतर १९९२ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. पुढे त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं निष्पन्न झालं. २० फेब्रुवारी २०१४ रोजी, सॅमच्या घोषणेनंतर अकराव्या दिवशी, तो ५७ व्या वर्षी वारला. सॅमवर रकाने भरून वाहत होते त्या दिवसांत सिमन्सच्या वाट्याला मृत्युलेखाची जेमतेम जागा आली.

सॅमला ईएसपीएनने २०१४ मध्येच आर्थर अ‍ॅश धैर्य पुरस्कार दिला होता. तो योग्यच होता, पण तो धैर्याचा होता. खेळाचा हिशेब अजून बाकी आहे. अटलांटाच्या कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमची मूळ अट म्हणजे ऑल-अमेरिकनच्या पहिल्या संघात निवड. ती सॅमने एकमताने पूर्ण केलेली आहे, आणि तिथे एनएफएलमधली कामगिरी मोजली जात नाही. त्याचं नाव तिथे लागलं पाहिजे. मिसूरी विद्यापीठाने शिष्यवृत्तीवर आलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू नॉरिस स्टीव्हन्सन याच्या नावाने स्टेडियमपाशी चौक केला, पण कित्येक वर्षं उलटल्यावर. सॅमच्या बाबतीत तेवढी वाट पाहू नये. तो हयात आहे, तरुण आहे, २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या अमेरिकी फुटबॉल संघाच्या बचावफळीचा प्रशिक्षक होता. सन्मान घ्यायला तो स्वतः येऊ शकतो.

आपल्याला विनंती एवढीच, की क्रीडा पानावर पुन्हा कधी त्याचा उल्लेख आला तर सुरुवात २०१३ च्या हंगामापासून करावी. साडेअकरा सॅक, बारा विजय आणि कॉटन बाउल. रॅम्सने वगळल्याचं त्यानंतर लिहावं.

आपली नियमित वाचक,
सेंट लुईस, मिसूरी