चि. मुक्तास

सातारा, रविवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

बी.एड. कॉलेजचा राजीनामा देऊन टाकलास, हे काल तुझ्या आईने भाकरी थापता थापता सांगितलं. मला सांगायला तुझी जीभ रेटली नसणार. असो. नोकरीचा विषय या पत्रात काढणार नाही.

मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पीएच.डी.ला निवड होणं म्हणजे गंमत नव्हे. परवा कट्ट्यावर तुझा विषय सांगितला. एक सेल, टॉर्चचा बल्ब आणि एकच वायर पुढे ठेवली, म्हटलं पेटवा. दोघं बी.एस्सी. झालेले मास्तर वायरचं एक टोक सेलच्या टोपीला आणि दुसरं बल्बच्या बुडाला लावून वाट बघत बसले! बल्बच्या बाजूचा पत्राही सर्किटमध्ये यावा लागतो, हे त्यांच्या गावीच नाही. हयात गेली फळ्यावर सर्किटच्या आकृत्या काढण्यात. शिक्षकाच्याच डोक्यात काय घट्ट बसलंय, आणि बी.एड.च्या दोन वर्षांत ते हलतं का, हे तू शोधणार. नुसती पाठ टाचणं तपासून ते कळायचं नाही, हे मला पटलं.

पण पोरी, फेलोशिप संपल्यावर काय? परत येऊन तासिका तत्त्वावर शिकवणार? मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा शाळांमधला विज्ञान शिक्षणाचा प्रयोग बघ. १९७२ ला सुरू झाला, हजाराच्या आसपास शाळांत पोचला, शिक्षकांना हाताने प्रयोग करायला लावले, आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. एवढ्या मोठ्या कामाची ही गत, तर एकट्या माणसाने हातचं कायमचं पद सोडू नये, निदान बिनपगारी रजा तरी मागून बघावी, वरिष्ठांशी गोड बोलावं...

झालं माझं लेक्चर सुरू. माफ कर, मास्तरकीची खोड आहे.

सहावीत रडत घरी आली होतीस, आठवतं? उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते म्हणून उकडतं, असं बाईंनी सांगितलं. मग तेव्हा ऑस्ट्रेलियात थंडी कशी, असं तू विचारलंस आणि बाकावर उभी राहिलीस. त्या रात्री लाइट गेलेले. आईची विणायची सुई मोसंब्यात खुपसून, साडेतेवीस अंश तिरकी धरून, मेणबत्तीभोवती फिरवली. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हटल्यावर तू डोळे पुसलेस आणि उद्या बाईंना हे दाखवू का म्हणालीस. मी नको म्हटलं, तरी दप्तरात मोसंबं घेऊन गेलीसच. सुईचं आई अजून काढते.

कोरेगावच्या आत्याला मी काही बोललेलो नाही. रजा घेतलीय म्हणून सांगू का? दादाचं गाळ्याचं नक्की झालं की तो सामान पोचवायला येईल. लोकलमध्ये धावत चढू नकोस. कंदी पेढे पाठवतोय, खोलीतल्या मुलींनाही दे.

आणि फेलोशिपचं पत्र हातात आलं की ती किती वर्षांची आहे, पुढे मुदतवाढ मिळते का, तेवढ्या पानाचा फोटो काढून पाठव.

तुझे,
आप्पा