लिंकांच्या याद्या होतात, पडताळणी कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी किंवा आंब्याचा मोसम जवळ आला की कोकणातल्या उपयुक्त वेबसाइटच्या याद्या सगळीकडे निघतात. घरगुती राहण्या-जेवणाची सोय, फेरीबोटीच्या वेळा, बागेतून थेट हापूस, कोकम-काजूचे गृहउद्योग, देवस्थाने, किल्ले. ग्रामपंचायती काढतात, पर्यटनातली मंडळी काढतात, बागायतदारांचे गट काढतात. हौसेने दोन-चारशे लिंका गोळा होतात, पान चढते आणि काम झाले असे सगळे धरून चालतात. वर्षभराने त्याच यादीतली एखादी लिंक उघडली तर हॉटेलऐवजी सट्ट्याची साइट समोर येते. या विषयावर आपल्या पत्रातून चर्चा व्हावी म्हणून हे लिहीत आहोत.

लिंकांच्या याद्या हा इंटरनेटवरचा जुनाच उद्योग आहे. याहूची सुरुवात १९९४ मध्ये अशाच हाताने लावलेल्या यादीने झाली. १९९८ मध्ये सुरू झालेली ओपन डिरेक्टरी ही यादी स्वयंसेवी संपादकांवर चालत असे. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, ओपन डिरेक्टरी मार्च २०१७ मध्ये. सर्च इंजिनांनी त्यांची गरज कमी केली हे खरे. पण दुसरे कारणही होते: नव्या साइट तपासायला आणि जुन्या काढायला माणसे पुरत नव्हती. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती.

तरीही गावपातळीवरच्या यादीची गरज संपलेली नाही. सर्च इंजिनात गुहागर किंवा वेळासमधली राहण्याची सोय शोधली तर आधी मोठ्या बुकिंग कंपन्या येतात, चार खोल्यांचे घर फार खाली जाते. त्यात आता अनेकांची वेबसाइटच नसते, असते ते इन्स्टाग्रामचे पान, आणि ते लॉग-इन न करता नीट पाहता येत नाही. अशा ठिकाणी जाणत्या माणसाने केलेली छोटी यादी कामाची ठरते. अट एकच, ती ताजी हवी.

मेलेली लिंक निदान उघडत नाही, त्यामुळे ती ओळखता येते. धोका आहे तो मालक बदललेल्या लिंकेचा. डॉट कॉम डोमेनची, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या नावाची, मुदत संपल्यावर नोंदणी कंपनी ते जास्तीत जास्त ४५ दिवस जुन्या मालकासाठी ठेवू शकते. त्यानंतर ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येते, मग ५ दिवसांत ते मोकळे होते. म्हणजे एकूण ८० दिवस, तेही जास्तीत जास्त. अनेक कंपन्या त्याआधीच लिलाव करतात. आता हे कोकणच्या दिनदर्शिकेवर ठेवून पाहा. १ जूनला मुदत संपली, त्या वेळी पाऊस, मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, नूतनीकरणाचा ईमेल पाहायला कोणी नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, ऐन गणपतीच्या तोंडावर, ते नाव कुणालाही विकत घेता येते. पुष्कळदा डोमेन साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर असते आणि मालकाला आठवणीचा ईमेलही पोचत नाही. ज्या नावावर आधीच शंभर याद्यांतून लिंका आहेत, त्याला बाजारात किंमत असते. सट्टेवाले आणि खोटे बुकिंग घेणारे नेमके तेच विकत घेतात.

म्हणून पडताळणी दोन प्रकारची हवी. पहिली यंत्राची. आठवड्यातून एकदा प्रत्येक लिंक आपोआप उघडून सर्व्हरने, म्हणजे साइट ज्यावर ठेवलेली असते त्या संगणकाने, दिलेला क्रमांक नोंदवायचा. ४०४ म्हणजे पान नाही, ४१० म्हणजे मुद्दाम काढून टाकले, ३०१ म्हणजे कायमचा पत्ता बदलला. ४०३ किंवा ४२९ आले तर बहुधा साइट जिवंत असते, फक्त आपल्या तपासनिसाला आत घेत नाही. ती ब्राउझरमध्ये हाताने उघडून पाहावी. ५०३ तात्पुरते असू शकते. एकाच तपासणीवर लिंक काढू नये. आमच्या दिव्यांना आणि नेटला पावसाळ्यात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे, आणि तपासणारा संगणकही इथेच असतो. तीन आठवडे सलग अपयश आले तर लिंक लपवावी, महिनाभर थांबून मालकाला फोन करावा आणि मगच काढावी. पावसाळ्यात व्यवसाय बंद असणे म्हणजे साइट मेली असेही नव्हे. त्या नोंदीपुढे ‘पावसाळ्यात बंद’ एवढे लिहिले तरी पुरते.

विकल्या गेलेल्या डोमेनवर मात्र हे क्रमांक फसतात, कारण तिथे सर्व्हर २०० म्हणजे ‘सगळे ठीक’ असेच सांगतो. त्यासाठी नोंद घेतानाच पानाचे शीर्षक आणि पानावरचे दोन ओळखीचे शब्द साठवून ठेवावेत, उदाहरणार्थ गावाचे नाव आणि घराचे नाव. पुढच्या तपासणीत ते शब्द सापडले नाहीत, किंवा लिंक वेगळ्याच डोमेनकडे वळली, तर ती नोंद थेट माणसापुढे यावी.

दुसरी पडताळणी माणसाची, वर्षातून दोनदा: सप्टेंबरअखेरीस दिवाळीआधी आणि फेब्रुवारीत आंब्याआधी. एका लिंकेला तीन मिनिटे धरली तर ४०० लिंकांना २० तास लागतात. दोघांनी रोज दोन तास दिले तर पाच दिवसांचे काम. पान उघडायचे, वरचा फोन नंबर आधीच्या नोंदीशी जुळतो का पाहायचे, बदलला असेल तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची. पाने तीच आणि नंबर तेवढा वेगळा, ही फसवणुकीची नेहमीची रीत आहे. खोटी साइट आढळली तर ती त्याच क्षणी यादीतून काढावी. कुणाचे पैसे गेले असतील तर त्याला लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगावे, तिथे तासांचा फरक पडतो.

फुकटच्या सोयींबद्दलही सावध असावे. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून (सर्च आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद) तयार होणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. १० जूनपर्यंत पाहुणा प्रोफाइलकडे वळवला जात होता, नंतर तेही थांबले. छोट्या व्यावसायिकांनी अशी पाने भरपूर केली होती, त्यामुळे त्याआधीची कुठलीही यादी एकदा चाळून घ्यावीच लागेल. गुगलच्या लिंक छोटी करणाऱ्या सेवेने २०१९ मध्ये नव्या लिंका देणे थांबवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वापरात नसलेल्या जुन्याही बंद केल्या. जेट्टीवर, एसटी स्थानकात, किल्ल्याच्या पायथ्याशी लावलेल्या फलकांवरचे क्यूआर कोड अशाच उसन्या पत्त्यांवर उभे असतात. फलकावरचा कोड नेहमी आपल्या स्वतःच्या डोमेनवर न्यावा आणि तिथून पुढे वळवावा. पुढचा पत्ता बदलला तर फलक पुन्हा छापावा लागत नाही.

मराठी यादीची एक वेगळी अडचण आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वाचक ‘वेंगुर्ला’ टाकतो, नोंद ‘वेंगुर्ले’ अशी असते, आणि निकाल शून्य येतो. इंग्रजीत तर वेंगुर्ले, मालवण, देवगड यांची प्रत्येकी दोन-तीन स्पेलिंगे चालतात. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे संगणकीय संकेत एका रूपात आणणे, केले तर काही रूपे एक होतात, पण त्यात दडलेले न दिसणारे जोडचिन्ह वेगळे काढावे लागते. ‘ॲ’ आणि ‘अॅ’ मात्र प्रमाणीकरणानेही जुळत नाहीत, तो नियम स्वतः लिहावा लागतो. प्रत्येक गावाला एक मुख्य रूप आणि त्याखाली सर्व पर्यायी रूपे असा तक्ता आधी करावा, यादी नंतर. नावांचे घोटाळेही आहेत. सिंधुदुर्ग किल्लाही आणि जिल्हाही, रायगडचे तेच. वेळास मंडणगड तालुक्यात आहे आणि श्रीवर्धनमध्येही. म्हणून गावाबरोबर तालुका हा रकाना सक्तीचा हवा.

नव्या नोंदींच्या अर्जांत आता यंत्राने लिहिलेला मजकूर येतो, एकाच साइटची दहा वेगवेगळी वर्णने येतात. मंजुरीशिवाय एकही नोंद प्रसिद्ध करू नये. वर्णन संपादकाने स्वतः लिहावे, २५ शब्दांच्या आत. त्यात ‘सर्वोत्तम’ नको, खोल्या किती, रस्त्यापासून अंतर किती, जेवण मिळते का एवढे हवे. वेबपत्त्याच्या शेवटी चिकटलेल्या जाहिरातींच्या खुणा छाटून टाकल्या की बरीच पुनरावृत्ती आपोआप उघडी पडते. पैसे घेऊन नोंद दिली असेल तर तसे स्पष्ट छापावे आणि लिंकेला ‘स्पॉन्सर्ड’ ही सर्च इंजिनाला ‘ही लिंक पैशाची’ असे सांगणारी खूण द्यावी. गुगलने ती २०१९ मध्ये आणली. विकत घेतलेल्या लिंकांच्या जोरावर वर चढलेल्या साइटना एप्रिल २०१२ मध्ये गुगलने क्रमवारीत केलेल्या ‘पेंग्विन’ या बदलानंतर सर्चमध्ये मोठा फटका बसला होता.

हे काम नेमके कुणी करायचे? आमच्या मते सार्वजनिक ग्रंथालयांनी. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. गावोगावी अ, ब, क, ड वर्गांची वाचनालये आहेत. ग्रंथपालांना साठा पडताळणी, म्हणजे पुस्तके नोंदवहीशी जुळवून पाहणे, नवी नाही. लिंकेलाही दाखल क्रमांक द्यावा, तो पुन्हा दुसऱ्या कुणाला देऊ नये, बाद केलेल्या लिंकेची तारीख आणि कारण नोंदवहीत राहू द्यावे. एका वाचनालयाने आपल्या तालुक्याच्या शंभर-दीडशे लिंका सांभाळल्या तर वर्षाचा बोजा फार तर १५ तासांचा आहे. ग्रंथालय संचालनालयाने या कामाला पडताळणीचाच भाग मानावे आणि अनुदानाच्या तपासणीत त्याची नोंद घ्यावी.

वृत्तपत्रांकडूनही एक अपेक्षा आहे. पर्यटन पुरवणीत लिंकांची यादी छापताना प्रत्येक लिंकेपुढे ती शेवटची कधी तपासली ती तारीख छापावी. पंचवीस लिंका तपासायला सव्वा तास लागतो. आपल्या पत्राने येत्या पुरवणीपासून हे सुरू केले तर आनंद होईल.

कळावे,
संकेतस्थळ-सूचीचे काम करणारे काही वाचक, जि. सिंधुदुर्ग