डॉक्टर मॅडम, गोठ्यातल्या बायकांशी बोललात म्हणून

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं जनावरांच्या दवाखान्यात गेल्यावर कळलं. समोर बसून बोलायचं राहून गेलं, म्हणून हे सगळ्यांसमक्ष लिहिते आहे. गोठा सांभाळणाऱ्या इतर बायकांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

२०२२ साली जनावरांच्या लम्पी या त्वचारोगाची साथ होती, तेव्हा गाईंना लस टोचायला तुम्ही ठाण्यातल्या आमच्या ओवळ्यात आलात. काम आटोपून जाता आलं असतं. पण तुम्ही आमच्या म्हशींपाशी थांबलात आणि विचारलंत, “धार कोण काढतं?” तोवर आमच्या घरी प्रशिक्षणाचं बोलावणं यायचं ते पुरुषांच्या नावाने. कासेला हात माझा, वैरण-पाणी सासूबाईंचं, आणि माहिती मात्र आमच्यापर्यंत पोचायची नाही. त्या दिवसापासून तुम्ही जे सांगितलंत ते आम्हा दोघींना सांगितलंत, आणि प्रत्येक गोष्टीमागचं कारण सांगितलंत. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

ठाण्याच्या पावसात गोठा कोरडा राहत नाही आणि कासदाह, म्हणजे कास सुजण्याचा रोग, पाठ सोडत नाही. धार काढल्यावर सडाचं (आचळाचं) तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं, तेवढ्यात जनावर ओल्यात बसलं की जंतू आत शिरतात. म्हणून वैरण धारेनंतर टाकायची, म्हणजे म्हैस खात उभी राहते. एका पैशाचा खर्च नाही! पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घेऊन गाठी दिसतात का बघणं, अंगठा न दुमडता पूर्ण मुठीने पिळणं, शेवटी सड औषधात बुडवणं, हे सगळं तुम्ही स्वतः खाली बसून करून दाखवलंत. आजारी म्हशीला औषध चालू असताना आणि नंतर तुम्ही सांगाल तितके दिवस दूध विकायचं नाही, यावर तुम्ही अडून बसलात. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधली लहान मुलं आमचं दूध पितात. त्यांच्या आयांच्या वतीनेही आभार मानते.

पारडू जन्मलं की म्हशीची वार (जार) पडेपर्यंत त्याला चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दाट दूध, पाजायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. तुम्ही सासूबाईंना खोडून काढलं नाहीत. पारडू रोगाशी लढायची ताकद घेऊन जन्मत नाही, ती चिकातून मिळते, आणि ती पोटात शोषली जाते ती पहिल्या काही तासांतच, एवढंच शांतपणे सांगितलंत. सासूबाईंना पटलं. आता आधी पारडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पारडाला, मग शेजाऱ्यांचा खरवस.

उलट माजाच्या, म्हणजे म्हैस फळायला तयार असते त्या वेळेच्या, बाबतीत तुम्हीच सासूबाईंना विचारलंत. म्हशीचा माज मुका, सहज कळून न येणारा, त्यात बहुतेकदा रात्री नाहीतर पहाटे. सोट (मागून लोंबणारा चिकट स्राव), सारखं थोडं थोडं मुतणं, दूध चोरणं या खुणा सासूबाई अंधारातही ओळखतात. तुम्ही त्याला फक्त वेळेचं गणित जोडून दिलंत: पहाटे माज दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हातारीचं ज्ञान वहीत लिहून घेणारी डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिली.

आणि पेंढा! माझ्या माहेरून, मुरबाडहून भाताचा पेंढा येतो. पोट भरतो, पण त्यात कस नाही. तो वाढवायची रीत तुम्ही शिकवलीत: १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबून २१ दिवस हवाबंद ठेवायचा. युरिया वजनकाट्यावरच मोजायचा, अंदाजाने नाही, कारण जास्त झाला तर जनावर दगावतं. उघडल्यावर उग्र वास उडून जाऊ द्यायचा आणि सहा महिन्यांच्या आतल्या पारडांना तो घालायचाच नाही. माझ्या भावजयीने मुरबाडला हे सुरू केलं, आता तिच्या शेजारणी तिला विचारायला येतात.

जनावरांच्या घटसर्पाची (गळा सुजून जीव घेणाऱ्या रोगाची) पावसाआधीची लस या वर्षी आम्ही बायकांनीच घरोघर जाऊन सांगून टोचून घेतली. पुढचा विचार मुरघासाचा, म्हणजे हिरवा चारा खड्ड्यात हवाबंद मुरवून ठेवण्याचा, आहे. मुरबाडला मका लावायची तयारी आहे, जागाही बघून ठेवली आहे. खड्डा किती खोल घ्यायचा आणि मका कोणत्या अवस्थेत कापायचा, ते तुम्ही येऊन सांगावं. नव्या ठिकाणाहून एखादा रविवार काढता आला तर कळवा, आम्ही सगळ्या जमतो.

तुमची,
ओवळ्याची एक दूधवाली